सातबारा शोधावा कसा?

शेळी हरवली तर आपण काय करतो? 'माझी शेळी पाहिली का?' एवढंच विचारून भागत नाही. 'काळी आहे, कपाळावर पांढरा ठिपका आहे,' अशी खूण सांगावी लागते. यंत्राकडून कागद शोधून घेतानाही तसंच आहे. खूण बरोबर सांगितली, तर कागद मिळतो.

आपल्या राज्यातले सातबारा उतारे 'महाभूलेख' या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. जमीन कोणाच्या नावावर आहे, हे गाव नमुना ७ मध्ये असतं. तीत पीक कोणतं घेतलं, हे नमुना १२ मध्ये असतं. दोन्ही मिळून झाला सातबारा.

आमच्या शेजारच्या वहिनींची गोष्ट सांगतो. त्यांचे मालक वारले. पीककर्जासाठी उतारा हवा होता. त्या माझ्याकडे आल्या. मी मोबाईल घेतला आणि मालकांचं पूर्ण नाव लिहिलं. 'सीताराम' मधली 'सी' दीर्घ काढली. मी पडलो शाळामास्तर! पण नाव काही सापडेना. वहिनी घाबरल्या. म्हणाल्या, "गुरुजी, जमीन गेली की काय?"

मग त्यांनी पेटीतून एक जुना उतारा आणला. त्यावर गट नंबर होता. तो लिहिला, आणि उतारा समोर आला! दप्तरात 'सिताराम' लिहिलं होतं, ऱ्हस्व. यंत्र अक्षराला अक्षर जुळवतं. आपल्या मनातलं त्याला कळत नाही. शुद्ध काय ते महत्त्वाचं नाही. दप्तरात काय लिहिलं आहे, ते महत्त्वाचं.

उतारा पाहिल्यावर आणखी एक गोष्ट कळली. वारसांची नावं त्यावर लागलेलीच नव्हती. वहिनींनी गावच्या तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारस नोंदीचा अर्ज दिला. आज उताऱ्यावर त्यांचं आणि मुलांचं नाव आहे. शोधलं नसतं, तर कळलं नसतं.

आता शोधायची रीत पाहू.

१. आधी जागा सांगा. जिल्हा, तालुका, गाव, या क्रमाने निवडा. एकाच नावाची गावं अनेक तालुक्यांत असतात. म्हणून तालुका नीट पाहा.

२. गट नंबर माहीत असेल, तर त्यानेच शोधा. नावं सारखी असतात. पण एका गावात एक गट नंबर एकाच जमिनीचा. तुमचा गट २१२/३ असेल, तर आधी नुसतं २१२ लिहा. त्याच्या हिश्श्यांची यादी येईल. तीतून आपला हिस्सा निवडा.

३. नंबर माहीत नसेल, तर नावाने शोधा. नाव मराठीत लिहा. पूर्ण नावाने सापडलं नाही, तर घाबरू नका. नुसत्या आडनावाने शोधा. यादी मोठी येईल, पण तीत आपलं नाव दिसेल.

४. तरीही सापडलं नाही, तर ऱ्हस्वाचं दीर्घ करून पाहा, दीर्घाचं ऱ्हस्व करून पाहा. वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावानेही शोधा. जमीन अजून त्यांच्याच नावावर असेल.

एक ध्यानात ठेवा. तिथे फुकट दिसणारा उतारा फक्त माहितीसाठी असतो. सरकारी किंवा कोर्टाच्या कामाला डिजिटल सहीचा उतारा लागतो. त्याला फी पडते. नावात लेखनाची चूक असेल, तर तहसीलदाराकडे अर्ज करून ती दुरुस्त करून घ्या.

आज घरी गेलात की जुना उतारा काढा. त्यावरचा गट नंबर वाचा. तुम्हाला आता वाचता येतं! तो या पानाच्या कडेला आपल्या हाताने लिहून ठेवा. हीच तुमच्या जमिनीची खूण.