चित्रफीत प्रेक्षकमापन

चित्रफीत प्रेक्षकमापन : आंतरजालावरील चित्रफीत किती वेळा लोकांपुढे आली, किती वेळा उघडली गेली, किती काळ पाहिली गेली व कोणत्या क्षणी प्रेक्षकांनी ती सोडली, यांची संगणकीय नोंद करून तिचा अन्वय लावण्याची पद्धती. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकसंख्येचा अंदाज निवडक घरांच्या नमुना-पाहणीवरून बांधतात. आंतरजालावर मात्र प्रत्येक पाहण्याची स्वतंत्र नोंद होऊ शकते. त्यामुळे हे आकडे बिनचूक भासतात. तथापि प्रत्येक आकड्यामागे मोजणीचा एक संकेत असतो व तो ठाऊक नसल्यास आकड्याचा अर्थ लागत नाही.

इतिहास : यूट्यूबवरील पहिली, १९ सेकंदांची चित्रफीत २३ एप्रिल २००५ रोजी प्रसृत झाली. निर्मात्यांसाठी २००८ मध्ये ‘इनसाइट’ हे विश्लेषणाचे साधन खुले झाले. २०११ मध्ये त्याची जागा ‘यूट्यूब ॲनालिटिक्स’ने घेतली. प्रारंभी दर्शनसंख्या, म्हणजे रूढ भाषेत व्ह्यूज, हेच यशाचे मुख्य गमक होते. परिणामी भडक शीर्षक व फसवे मुखचित्र यांच्या साहाय्याने प्रेक्षक खेचण्याची प्रवृत्ती बळावली. म्हणून २०१२ मध्ये यूट्यूबने शिफारशी करताना दर्शनसंख्येपेक्षा पाहण्याच्या एकूण काळास अधिक महत्त्व दिले.

प्रमुख मापे : (१) दर्शनसंख्या : हिचा संकेत माध्यमागणिक व काळागणिक बदलतो. फेसबुकने तीन सेकंद पाहिलेली चित्रफीत ‘पाहिली’ असे मानले. यूट्यूबच्या ‘शॉर्ट्स’ या लघुचित्रफितींबाबत ३१ मार्च २०२५ पासून किमान काळाची अट उरली नाही. फीत सुरू होताच किंवा पुन्हा फिरताच दर्शन धरले जाते. त्यामुळे या तारखेच्या अलीकडील व पलीकडील आकड्यांची थेट तुलना करता येत नाही.

(२) क्लिक-प्रमाण : मुखचित्र जितक्या वेळा लोकांच्या दृष्टीस पडले, त्यांपैकी किती वेळा ते दाबून फीत पाहिली गेली, याची टक्केवारी. यूट्यूबच्या माहितीनुसार निम्म्या वाहिन्यांचे व फितींचे हे प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असते. फीत नेहमीच्या चाहत्यांपलीकडे, अपरिचित प्रेक्षकांपर्यंत पोहोचू लागली, की हे प्रमाण सामान्यतः उतरते. अशी घसरण अपयशाची नव्हे, तर प्रसाराची खूण असू शकते.

(३) पाहणीकाल : सर्व दर्शनांचा एकत्रित काळ. समजा, एक फीत १,००० वेळा, सरासरी २ मिनिटे पाहिली गेली. दुसरी ४०० वेळा, सरासरी ६ मिनिटे. पहिलीचा पाहणीकाल ३३ तास २० मिनिटे, तर दुसरीचा ४० तास भरतो. दर्शनसंख्येत मागे असलेली फीत येथे पुढे जाते.

(४) टिकाव-आलेख : फितीच्या प्रत्येक क्षणी किती टक्के प्रेक्षक उरले हे दाखविणारी वक्ररेषा. प्रारंभीचा तीव्र उतार बहुधा शीर्षकाने दिलेले आश्वासन व प्रत्यक्ष आशय यांतील तफावत दर्शवितो. मंद उतार स्वाभाविक होय. मध्येच येणारा उंचवटा तो भाग पुन्हा पाहिला गेल्याचे सुचवितो; मात्र भाग आवडल्यामुळे की न समजल्यामुळे, हे आलेख सांगत नाही.

मर्यादा व परिणाम : सरासरी काढताना कोणास वगळले, यावर तिचे मूल्य अवलंबून असते. सरासरी पाहणीकाल काढताना तीन सेकंदांपेक्षा कमी पाहिलेली दर्शने वगळल्यामुळे तो फुगवून सांगितला गेल्याचे फेसबुकने २०१६ मध्ये मान्य केले. जाहिरातदारांनी गुदरलेला दावा मिटविण्यासाठी या कंपनीने २०१९ मध्ये ४ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. निर्मात्यांचे उत्पन्नही अशा मापांशी निगडित असते. जानेवारी २०१८ मध्ये यूट्यूबने जाहिरात-उत्पन्नातील वाट्यासाठी १,००० सदस्य व १२ महिन्यांत ४,००० तासांचा पाहणीकाल ही किमान पात्रता जाहीर केली.

माप बदलले, की निर्मितीही त्याप्रमाणे वळते : दर्शनसंख्येच्या मागे लागून शीर्षके भडक होतात, तर पाहणीकालाच्या मागे लागून फिती लांबतात. उपयुक्तता मात्र कोणत्याच मापात पूर्णपणे उतरत नाही. गळका नळ दुरुस्त करण्याची कृती शोधणारा प्रेक्षक दुसऱ्या मिनिटास उत्तर मिळताच निघून जातो. आलेखात ती गळती दिसते, वस्तुतः फितीचे कार्य सफल झालेले असते. म्हणून कोणतेही एक माप सुटे न घेता, त्याचा संकेत, मोजणीचा कालखंड व फितीचा हेतू लक्षात घेऊन, सर्व मापांचा एकत्रित विचार करणे इष्ट ठरते.