हरकतीची मुदत संपण्याआधी

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची गाडी एका खेपेत २५ लाख लिटर आणू लागली. त्याआधी मार्चमध्येच पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. या बातम्या देशभर छापून आल्या. लातूरकराला मात्र याहून लहान बातमी फार आधी हवी होती. मांजरा धरणात किती पाणी उरले आहे, ते शहराला किती दिवस पुरेल, आणि नळाची पाळी आता कितव्या दिवसावर जाणार? धरणाच्या साठ्याची नोंद सरकारी दप्तरात रोज होत असते. ती नोंद घराघरापर्यंत, समजेल अशा भाषेत आणि वेळेवर पोहोचवणे हे कोणाचे काम, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की शहराची बातमी ही नळ, दिवे आणि गटार यांच्याच पंक्तीतली नागरी सेवा आहे. निर्णय व्हायच्या आधी ती पोहोचली, तरच तिचा उपयोग.

ही सेवा आपल्याकडे नवी नाही. हलगी वाजवून गावभर दिलेली दवंडी हे तिचे जुने रूप. त्या दवंडीचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण ते काम जातीने लादलेल्या वेठीचा भाग होते आणि ते करणाऱ्याला गावाच्या निर्णयात जागा नव्हती. पण त्यामागचे तत्त्व मोलाचे होते: ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळले पाहिजे, आणि कळवण्याची जबाबदारी सत्तेची आहे. म्हणूनच ग्रामसभेच्या नियमांत चावडीवर नोटीस लावण्याबरोबर दवंडीही आली. मराठवाड्याला तर भाषेचाही अनुभव आहे. निजामी राजवटीत कारभाराची भाषा उर्दू होती आणि बहुसंख्य रयतेची मराठी किंवा तेलुगू. आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा' पत्रावर पुन्हा पुन्हा बंदी आली आणि ते नाव बदलून निघत राहिले. राज्य काय करते आहे हे लोकांना त्यांच्या भाषेत कळावे, ही मागणी इथे स्वातंत्र्याच्या मागणीचाच भाग होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राजवट बदलली, पुढे कारभाराची भाषाही मराठी झाली. कळवण्याची रीत मात्र तेवढी बदलली नाही.

आज दवंडीची जागा 'जाहीर प्रकटना'ने घेतली आहे. विकास आराखड्याचा मसुदा असो, आरक्षणातला फेरबदल असो की प्रभाग रचना, कायदा आधी ते जाहीर करायला आणि लोकांच्या हरकती-सूचना मागवायला सांगतो. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार आराखड्याच्या मसुद्यावर हरकतीसाठी ३० दिवस मिळतात. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातले कलम ४ तर याहून पुढे जाते. कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता कार्यालयाने स्वतःहून माहिती द्यावी, ती स्थानिक भाषेत असावी, आणि सूचना फलक, वर्तमानपत्रे, जाहीर घोषणा अशा मार्गांनी लोकांपर्यंत न्यावी, असे ते सांगते. हे प्रकटन छापणारी यंत्रणाही लातूर आणि नांदेड या दोन शहरांत आहे. नांदेडची 'प्रजावाणी' आणि 'गोदातीर समाचार', लातूरचे 'एकमत' ही जिल्हा दैनिके त्यातलीच. अडचण मजकुरात आहे. बारीक टंकात गट क्रमांक, कलमे आणि 'उपरोक्त विषयान्वये' अशी सरकारी मराठी असते. आपल्या घरासमोरचा रस्ता बारा मीटरचा अठरा मीटर होणार आहे, हे त्यातून घरमालकाला उमगत नाही. हातोडा घेऊन माणसे आली की उमगते, आणि तोवर मुदत संपलेली असते.

नगरसेवकांची सभा चालू असते तेव्हा ही उणीव थोडी झाकली जाते. विरोधक ओरडतात, वार्ताहर लिहितात, चहाच्या टपरीवर विषय फुटतो. लातूरच्या सभागृहाची मुदत मे २०२२ मध्ये आणि नांदेड-वाघाळ्याची त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संपली. तेव्हापासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत दोन्ही शहरे प्रशासकांच्या हाती होती. ठराव मांडणारे आणि मंजूर करणारे कार्यालय एकच झाले. प्रशासक प्रामाणिक असला तरी फरक पडत नाही. वादच होत नसेल तर त्याची बातमी कुठून येणार? अशा काळात साधे, स्पष्ट जाहीर प्रकटन हाच नागरिकाचा एकमेव झरोका उरतो. म्हणून तो सभागृहाच्या मर्जीवर न ठेवता कायमचा उघडा असायला हवा.

यावर पहिला आक्षेप असा की आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, फलक आणि पत्रके कशाला? मोबाइलवर निरोप खरेच झटकन फिरतो. पण तो कोणी लिहिला, केव्हाचा आहे, कोणत्या गल्लीसाठी आहे, हे त्यावर नसते. गेल्या वर्षीचा पाणीबंदचा निरोप यंदाही फिरू शकतो. मोबाइल हे वाहन आहे; तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम असलेला मूळ कागद कुठेतरी टांगलेला लागतोच. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. जिल्हा दैनिके सरकारी जाहिरातींवर तगतात, ती पालिकेला प्रश्न कसे विचारणार? ही ओढाताण नाकारता येत नाही. पण त्यातून निष्कर्ष उलटाच निघतो. मूळ माहिती पालिकेनेच उघड ठेवली, तर वार्ताहराला तिच्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागत नाही. तिसरा आक्षेप अधिकाऱ्यांचा: लोक वाचतच नाहीत. कोणत्या मजकुराबद्दल आपण हे म्हणतो, ते आधी पाहावे. पाणी कोणत्या वारी, किती वाजता येणार हे लिहिलेला कागद कोणी न वाचता पुढे जात नाही.

हे जमण्यासारखे आहे याचा पुरावा नांदेडमध्येच आहे. गोदावरीला पाणी वाढले की विष्णुपुरी धरणाचे किती दरवाजे उघडले, किती क्युसेक पाणी सोडले आणि नदीकाठच्या कोणत्या वस्त्यांनी हलावे, हे थोडक्यात आणि पाणी चढण्याआधी सांगितले जाते. तिथे भाषा आपोआप सोपी होते, कारण उशीर झाला तर माणसे बुडतील हे सगळ्यांना ठाऊक असते. तीच शिस्त जलवाहिनी, घरपट्टी आणि आरक्षणाला लावायला नवा कायदा लागत नाही. प्रत्येक प्रभागात एक फलक, घंटागाडीच्या भोंग्यावर दोन वाक्ये, आणि प्रत्येक प्रकटनाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत तीन गोष्टी पुरेत: काय होणार आहे, कोणत्या रस्त्यावर, आणि हरकत कोणत्या तारखेपर्यंत कुठे द्यायची. लातूरच्या गंजगोलाईत उभ्या असलेल्या हमालाला किंवा नांदेडच्या वजिराबादेत फुले विकणाऱ्या बाईला ते एका नजरेत कळले, तर प्रकटन खरोखर जाहीर झाले असे म्हणता येईल.