जुन्या जीपच्या स्टिअरिंगास पंप कोणता?

तेलाच्या दाबानें वळणारें स्टिअरिंग क्रायस्लर कंपनीनें १९५१ सालीं अमेरिकेंत मोटारींस बसविलें. आमच्या जुन्या जीपांस तें नव्हतें. आतां कित्येक शेतकरी बंधु तें मागाहून बसवितात व मोठ्यांत मोठा पंप मागतात. ही चूक होय. सोलापुरांत भवानी पेठेच्या गर्दींत भरलेली गाडी वळवितांना इंजिन मंद असतें, म्हणून पंपही मंद फिरतो. आणि मदत तर तेव्हांच हवी. यास्तव मंद गतींत पंप मिनिटास किती लिटर तेल देतो, हें आधीं विचारावें. तेल कमी पडल्यास चक्र जड होतें. फाजील झाल्यास इतकें हलकें कीं, वेगांत हातास रस्ता कळत नाहीं. दाब मात्र स्टिअरिंगच्या पेटीस कारखानदारानें ठरविलेलाच असावा, नाहींतर सीलें गळतात. भंगारांतला पंप स्वस्त खरा. पण त्याचा वाल्व किती दाबास उघडतो, हें दाबमापकावर पाहिल्यावांचून आम्ही तो घेणार नाहीं.