विंडोज की लिनक्स? आधी खोलीचं तापमान सांगा

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय नसलेल्या जुन्या संगणकांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. म्हणून नांदेड-लातूरकडे आठ-दहा वर्षांपूर्वी पै-पै साठवून गेमिंगचा पीसी जुळवलेल्या पोरांपुढे आज खरा प्रश्न आहे: लिनक्स टाकलं तर खेळ तितक्याच वेगानं चालतील का? उत्तरासाठी बहुतेक जण यूट्यूबवरचे तक्ते पाहतात, आणि ते तक्ते सहसा गार खोलीत तयार झालेले असतात. ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक केलेलं, म्हणजे कंपनीच्या मूळ वेगापेक्षा जोरात पळवलेलं असेल, तर मे महिन्यातल्या मराठवाड्यात त्या आकड्यांवर विसंबता येत नाही. खोलीचं तापमान नोंदवलेलं नसेल, तर इथली कुठलीही विंडोज-लिनक्स तुलना ग्राह्य धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण कार्डाच्या आतच आहे. एनव्हिडियानं २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० सोबत जीपीयू बूस्ट आणलं, तेव्हापासून कार्डाचा वेग एका आकड्यावर स्थिर राहत नाही. चिप तापू लागली की वेग साधारण पंधरा मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली येतो, आणि अनेक कार्डांवर ८३ अंशांच्या आसपास तो जाणवेल इतका आवळला जातो. पंखा चिपला खोलीतल्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. तो फक्त दोघांतला फरक राखतो. हा फरक ४५ अंशांचा धरला, तर २५ अंशांच्या खोलीत चिप सत्तरीवर राहील, पण ४० अंशांच्या खोलीत हिशेब ८५ वर जातो आणि मर्यादा आधीच गाठली जाते. नांदेडला मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. बालाघाटच्या पठारावरचं लातूर उंचीमुळे जरा बरं, एवढंच. दुपारी पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या स्लॅबच्या खोलीत ओव्हरक्लॉकिंगनं मिळवलेले शे-दीडशे मेगाहर्ट्झ उष्णताच खाऊन टाकते. मग सकाळी सातला विंडोजवर आणि दुपारी तीनला लिनक्सवर चाचणी घेणारा माणूस प्रत्यक्षात सकाळ आणि दुपार यांचीच तुलना करत असतो.

यावर कुणी म्हणेल की एसी लावून चाचणी घ्या, प्रश्न मिटला. दोन प्रणालींमधला निव्वळ फरक कळायला ते योग्यच आहे. पण ज्याच्या खोलीत कूलर आहे त्याला त्या निकालातून स्वतःचं कार्ड कसं चालेल ते कळत नाही. शिवाय कूलरही वर्षभर सारखा नसतो: मेच्या कोरड्या हवेत तो खोली चांगली उतरवतो, ऑगस्टच्या दमट हवेत नुसता वारा देतो. दुसरा आक्षेप विजेचा. व्होल्टेज कमी आलं की फ्रेम पडतात, असं सर्रास ऐकू येतं. पीसीला वीज पुरवणारा चांगला एसएमपीएस मात्र आत येणारा दाब बराच खाली-वर झाला तरी कार्डाला १२ व्होल्टच देतो. दाब फारच उतरला तर पीसी बंद पडेल, खेळ मंदावणार नाही. फ्रेम पडल्या तर आधी तापमान पाहावं.

आता प्रणालींकडे. विंडोजसाठी लिहिलेला खेळ लिनक्सवर चालतो तो व्हाल्व कंपनीनं ऑगस्ट २०१८ मध्ये आणलेल्या प्रोटॉनमुळे. ते डायरेक्टएक्सच्या आज्ञा व्हल्कनमध्ये बदलतं. पहिल्या फेरीत शेडर तयार होताना खेळ अडखळतो, म्हणून ती फेरी हिशेबात धरूच नये. आणि ओव्हरक्लॉक दोन्हीकडे एकच आहे, हे गृहीत धरता येत नाही. ओव्हरक्लॉकिंगचं आफ्टरबर्नर हे साधन विंडोजपुरतंच आहे; लिनक्सवर एलएसीटीसारखी वेगळी साधनं लागतात, एएमडीच्या कार्डांना तर आधी कर्नलला वेगळी परवानगी द्यावी लागते. त्यामुळे सरकपट्टीवर टाकलेला आकडा सोडा, खेळ चालू असताना दिसणारा खरा वेग लिहून घ्या. कार्डावरच्या मेमरीचं प्रकरण याहून फसवं. अलीकडच्या मेमरीत चुकीची माहिती पकडून पुन्हा पाठवण्याची सोय असते. मर्यादेपलीकडे ताणली तरी खेळ कोसळत नाही, फक्त फेरपाठवणीत वेळ जातो. मेगाहर्ट्झ वाढलेले दिसतात आणि फ्रेम घटतात. दोष मात्र लिनक्सच्या माथी बसतो. विंडोजलाही सरसकट एक धरू नका. त्यातली मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षा-सोय काही खेळांत वेग कमी करते, हे मायक्रोसॉफ्टनंच २०२२ मध्ये मान्य केलं होतं.

दोन प्रणालींतल्या चार-पाच टक्क्यांच्या फरकासाठी एवढा खटाटोप कशाला, हा तिसरा प्रश्न. पण त्याच चार-पाच टक्क्यांच्या आधारे कुणी चालता पीसी मोडीत काढतो आणि नव्याचा हप्ता डोक्यावर घेतो. (व्हॅलोरंट खेळणाऱ्यांचा निर्णय त्याआधीच होतो, त्याची फसवणूकविरोधी यंत्रणा लिनक्सवर चालत नाही.) म्हणून कार्ड आधी कंपनीच्या मूळ वेगावर तपासा. एक फेरी विंडोज, एक लिनक्स, पुन्हा विंडोज, पुन्हा लिनक्स, असं आलटून-पालटून, दरवेळी कार्ड पंधरा मिनिटं तापवून घ्या. सरासरीसोबत सर्वांत मंद एक टक्का फ्रेमही पाहा, कारण खेळताना डोळ्याला खुपतं ते तेच. ओव्हरक्लॉक सगळ्यात शेवटी. उन्हाळ्यापुरतं तर मी उलटंच सुचवेन: कार्डाची वॅटची मर्यादा दहा-पंधरा टक्के उतरवा. वेग त्या मानानं फार थोडा कमी होतो, चिप गार राहते, आणि ही मर्यादा दोन्ही प्रणालींत सारखीच बसवता येते. निकाल इतरांना सांगताना त्याशेजारी महिना, वेळ आणि खोलीचं तापमान जरूर लिहा.