झ्दान : वाट पाहिलेल्या मुलाचे नाव

अपत्याचे नाव ठेवताना आईवडिलांची एखादी इच्छा त्या नावात उतरते. कधी कधी त्यांची भीतीही उतरते. रशिया आणि युक्रेन या देशांतील ‘झ्दान’ हे जुने पुरुषनाम याचे बोलके उदाहरण आहे. आज हे नाव फारसे ठेवले जात नाही. ‘झ्दात्’ या क्रियापदाचा अर्थ वाट पाहणे; त्यावरून झ्दान म्हणजे ज्याची वाट पाहिली तो. आपल्याकडे नवसासायासाने झालेल्या मुलाविषयी ज्या कौतुकाने बोलले जाते, तेच कौतुक या नावात आहे.

याच नावाला ‘ने’ हा नकारदर्शक उपसर्ग लागून ‘नेझ्दान’ हे दुसरे नाव होते. त्याचा अर्थ ज्याची अपेक्षा नव्हती तो. सर्बियातील ‘नेनाद’ हे नावही याच अर्थाचे. काही घरी मूल खरोखरच अनपेक्षितपणे जन्मलेले असे. परंतु पुष्कळदा अशा नावामागे बाळाच्या रक्षणाचा हेतू असे. बालमृत्यू हे ज्या काळी घरोघरचे दुःख होते, त्या काळी मुलाचे कौतुक उघडपणे केले तर त्याला दृष्ट लागेल, अशी समजूत होती. म्हणून देखण्या बाळालाही ‘नेक्रास’, म्हणजे सुंदर नसलेला, म्हणत. मराठी घरांतून मुले जगत नसत तेव्हा धोंडू, दगडू, कचरू अशी नावे ठेवीत, त्यामागील भावना हीच होती.

या प्रथेची लेखी साक्ष वूक कराजिच या सर्बियन विद्वानाने दिली आहे. त्याचा जन्म 1787 साली त्र्शिच या खेड्यात झाला. त्याच्या आधीची भावंडे दगावली होती. चेटकिणी बाळांना खातात, पण लांडग्याच्या वाटेला जात नाहीत, अशी लोकांची समजूत असल्याने त्याचे नाव ‘वूक’, म्हणजे लांडगा, असे ठेवले गेले. संस्कृतातील ‘वृक’ हा शब्द त्याचाच सगोत्र आहे. पुढे 1818 साली वूकने सर्बियन भाषेचा शब्दकोश सिद्ध केला आणि स्वतःच्या नावाच्या नोंदीत ही लोकसमजूत नमूद केली.

988 साली कीव्हचा राजा व्लादिमीर याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर बाप्तिस्म्याच्या वेळी ईवान, वासिली, निकोलाय अशी संतांची नावे देण्यात येऊ लागली. झ्दान हे कोणा संताचे नाव नसल्यामुळे चर्चच्या नामावलीत त्याला स्थान मिळाले नाही. तरीही जुनी नावे एकदम नाहीशी झाली नाहीत. एक नाव चर्चमधले आणि एक घरातले, अशी दुहेरी पद्धत सतराव्या शतकापर्यंत टिकून होती.

नोव्हगोरोद या व्यापारी नगरात 1951 पासून उत्खननात भूर्जाच्या सालीवरील पत्रे सापडत आहेत. त्यांची संख्या एक हजाराहून अधिक असून त्यांत घरगुती आणि देण्याघेण्याचे व्यवहार विपुल आहेत. अकराव्या शतकातील एका पत्रात झिरोवित नावाचा सावकार स्तोयान नावाच्या कर्जदाराला बजावतो, की कर्जाला नववे वर्ष लागले तरी पैसे आलेले नाहीत. साडेचार ग्रिव्ना पाठवले नाहीत, तर तुझ्यापायी नगरातील एखाद्या प्रतिष्ठिताचा माल जप्त करीन. एकाच्या थकबाकीने साऱ्या गावाची पत धोक्यात येते, हे तेव्हाच्या व्यापाऱ्यांनाही ठाऊक होते. या पत्रातील दोन्ही नावे जुनी देशी आहेत. ‘स्तोयान’ म्हणजे उभा राहणारा, टिकणारा. आपल्या ‘स्था’ धातूशी त्याचे नाते आहे. बल्गेरियात हे नाव आजही सर्रास आढळते.

झ्दानला मात्र आश्रय मिळाला तो आडनावांत. रशियन भाषेत ‘ओव’ हा प्रत्यय संबंध दाखवतो. म्हणून झ्दानोव म्हणजे झ्दानचा वंशज. नेझ्दानोव आणि नेक्रासोव ही आडनावेही तशीच घडली. कवी निकोलाय नेक्रासोव (1821–1878) आणि गायिका अंतोनिना नेझ्दानोवा (1873–1950) यांच्या आडनावांत ती जुनी नावे आजही ऐकू येतात. मारिउपोल या बंदराला तर 1948 पासून 1989 पर्यंत आंद्रेय झ्दानोव या सोव्हिएत नेत्यावरून ‘झ्दानोव’ असेच नाव होते. त्या नकाशावर बोट ठेवणाऱ्या किती जणांना त्यामागे एका मुलाची वाट पाहणारे घर जाणवले असेल?

आपल्या पेढ्यांवरील पाट्यांतूनही पणजोबा-खापरपणजोबांची नावे नांदत असतात. ती का ठेवली गेली, त्यामागे कोणता नवस होता, कोणती भावंडे आधी गेली होती, हे घरातील वडीलधाऱ्यांनाच ठाऊक असते. त्यांना ते विचारून वहीत लिहून ठेवावे; पुढच्या पिढीला नावाबरोबर त्याची कहाणीही लाभेल.