चार शेजाऱ्यांच्या सह्या

गंगापूर तालुक्यातल्या एका गावात दोन एकरांचा तुकडा आहे. वरच्या अंगाला गहू, विहिरीलगत मेथी, कोथिंबीर, पुदिना. रमजानमध्ये पुदिन्याला उठाव असतो, म्हणून फजरची नमाज झाली की मालक थेट वाफ्यात. पस्तिशीचा हा तरुण सात वर्षांपूर्वी वाळूजच्या एका कारखान्यात रात्रपाळी करायचा. दिवसा झोप यावी म्हणून त्याने पहिली ‘बटन’ घेतली. छत्रपती संभाजीनगर परिसरात नशेच्या गोळ्यांचं हेच नाव. पुढे दिवसाला पट्टी संपू लागली. नोकरी गेली, आईच्या पाटल्या गेल्या.

या गोळ्या एकदम तोडल्या तर फिट येऊ शकते. म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. उपचारांनंतरच्या पहिल्या रमजानमध्ये औषधं चालूच होती. आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा कुरआननेच दिली आहे. पण गावाला हे सांगणार कोण? भरदुपारी तो पाणी पिताना दिसला की लोक म्हणत, घसरला पुन्हा. खरं तर कुरआनात नशेची मनाईसुद्धा एका दमात आलेली नाही. आधी तिच्यात लाभापेक्षा पाप मोठं असल्याचं सांगितलं, मग नशेत नमाजजवळ जाऊ नका म्हटलं, आणि शेवटी पूर्ण बंदी.

जमिनीचंही तसंच झालं. तिला वडिलांच्या काळापासून युरियाची सवय. एका हंगामात सगळं तोडलं असतं तर उतारा पार कोसळला असता आणि घरात खायला काय? त्याने आधी अर्ध्या एकरावर रासायनिक खत थांबवलं. शेणखत, गांडूळखत घातलं, ताग पेरून फुलोऱ्यात गाडला. उरलेल्या दीड एकराने घर चालवलं. मग एकेक वाफा वाढवत नेला.

सेंद्रिय शिक्क्यासह माल विकायचा तर प्रमाणपत्र हवं. लहान शेतकऱ्यांसाठी केंद्र सरकारची सहभागी हमी पद्धत, म्हणजे पीजीएस, २०११पासून आहे. तिच्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो. ते शपथ घेतात, एकमेकांची शेतं तपासतात, एकमेकांच्या खरेपणाची हमी देतात. इथेच घोडं पेंड खात होतं. ज्याने आईच्या पाटल्या विकल्या, त्याच्या शब्दावर सही कोण करणार? वर्षभर कुणी केली नाही. शेवटी बांधाला बांध असलेला शेतकरी तयार झाला. रोज पहाटे याला शेणाच्या पाट्या वाहताना त्याने दोन वर्षं पाहिलं होतं. त्याच्यामागून आणखी तिघे आले; त्यांतले दोघे माळकरी.

हंगामी पिकांना रूपांतरणाचे २४ महिने असतात. तोवर ‘पीजीएस ग्रीन’, नंतर ‘पीजीएस ऑरगॅनिक’. आठवडी बाजारात या शिक्क्याला अजून फारशी किंमत नाही, मेथीची जुडी इतरांच्याच भावाने जाते. पण शहरातली काही घरं नेमाने भाजी मागवतात, आणि मोसंबीवाले त्याच्याकडून गांडूळखताची पोती नेतात. कारखान्यातल्या पगाराइतकी रक्कम गेल्या हंगामात पहिल्यांदा हाती उरली. त्याने उश्रही काढला. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, पाणी देऊन काढलेल्याचा विसावा. म्हणून तुरीचा वेगळा, गव्हाचा वेगळा. आईने मापं दोनदा मोजली.

यंदा तपासणीचा दिवस रोजात आला. चौघे दुपारी आले. फवारणीचा पंप हुंगून पाहिला, पोत्यांवरची नावं वाचली, गोठ्यातल्या कोनाड्यातही हात घातला. एकेकाळी गोळ्यांच्या पट्ट्या तिथे असत, हे चौघांना ठाऊक आहे. त्याने माठातलं पाणी आणून दिलं. त्याचा रोजा म्हणून ते घ्यायला कचरत होते. त्यानेच आग्रह केला. मग कागद गव्हाच्या पोत्यावर ठेवून एकेकाने सही केली.

रूपांतरणाचे अजून सात महिने बाकी आहेत.