निवृत्त सैनिक आणि गांवचें पाणी

लढाईवरून परतलेल्या सैनिकाचा सत्कार करण्याची चाल आपल्या गांवोगांवीं आहे. नारळ व शाल द्यावी, चार भाषणें करावीं, कीं आपण मोकळे होतों. परंतु रणांतून जिवंत आलेल्या माणसानें उरलेलें आयुष्य गांवच्या मातीस वाहिलें असेल, तर त्याचा सत्कार शालीनें पुरा होत नाहीं. त्याचें काम समजून घेणें व त्यांतील आपल्या वांट्याचा भार उचलणें हाच त्याचा खरा सत्कार होय. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, पारनेर तालुक्यांतील राळेगण सिद्धीचे श्री. किसन बाबुराव ऊर्फ अण्णा हजारे ह्यांचें चरित्र शेतकरी बंधूंनीं ह्या दृष्टीनें पाहावें.

अण्णांचा जन्म १५ जून १९३७ चा; वयाची पंच्याऐंशी वर्षें त्यांनीं २०२२ सालीं पूर्ण केलीं. घरच्या गरिबीमुळें शाळा अर्धवट सुटली व मुंबईस फुलें विकून त्यांनीं पोट भरलें. पुढें ते लष्करांत भरती होऊन मोटार हांकूं लागले. १९६५ च्या युद्धांत खेमकरण आघाडीवर सोबतचे जवान धारातीर्थीं पडले व आपण तेवढे वांचलों, असें ते स्वतः सांगत आले आहेत. मिळालेलें हें दुसरें आयुष्य लोकांच्या कामीं लावावें, असा त्यांनीं निश्चय केला. लग्न केलें नाहीं. १९७५ सालीं निवृत्त होऊन ते गांवीं परतले.

त्या वेळचें राळेगण आपल्यापैकीं पुष्कळांस ओळखीचें वाटेल. शिवार सुमारें २,२०० एकरांचें, पण भिजणारें क्षेत्र शंभर एकरांच्या आंतच. पाऊस सालीना ४०० ते ५०० मिलिमीटर. तोही उघड्या टेकड्यांवरून माती घेऊन ओढ्यानें निघून जाई. धान्य पुरत नसे. तीसांहून अधिक हातभट्ट्या मात्र पेटत होत्या, व यादवबाबांच्या देवळाचें लांकूडही त्यांच्या चुलींत गेलें होतें.

अण्णांनीं प्रथम आपल्या निवृत्तीच्या पैशांतून तें देऊळ दुरुस्त करण्यास आरंभ केला. तें पाहून गांव श्रमदानास आलें. नंतर तेथेंच दारूबंदीचा ठराव झाला. दारू सोडीत नसे त्यास देवळापुढील खांबास बांधून मारण्यापर्यंत मजल गेली. ही गोष्ट झांकून ठेवण्यासारखी नाहीं आणि अनुकरण करण्यासारखीही नाहीं. असा अधिकार कायद्यानें कोणत्याही गांवास दिलेला नाहीं. लष्करांतील शिस्त गांवांत आणतांना तिची ही दुसरी बाजूही पुढें आली, हें स्पष्ट म्हटलें पाहिजे.

मुख्य काम पाण्याचें. पुरंदर तालुक्यांत नायगांव येथें श्री. विलासराव साळुंखे ह्यांनीं १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा प्रयोग चालविला होता. त्यापासून अण्णांनीं धडा घेतला. सरकारनें बांधलेल्या पाझर तलावांत पाणी टिकत नव्हतें, तो गांवानें श्रमदानानें नीट केला. माथ्यावर समपातळीचे चर, उतारावर झाडें व गवत, ओघळींत नालाबांध, असें वरून खालीं काम झालें. धांवणारें पाणी चालूं लागलें, चालणारें थांबलें, थांबलेलें मुरलें, आणि खालच्या विहिरींस झरे आले. चराईबंदी व कुऱ्हाडबंदी गांवानें मान्य केली, म्हणूनच ही झाडें जगलीं.

येथपर्यंतची गोष्ट बहुतेकांस पाठ आहे. यापुढची मात्र आपण जमीनधारक सोयीनें विसरतों. पाणी वाढल्यावर गांवानें उंसासारख्या फार पाणी पिणाऱ्या पिकांस मनाई केली, आणि कडधान्यें, गळिताचीं पिकें व कमी पाण्याचीं नगदी पिकें घेण्याचें ठरविलें. मी महसूल खात्यांत कारकुनी केली. सात-बाराच्या उताऱ्यावर विहीर लिहिलेली असते. तिचा झरा कोणाच्या बांधाखालून येतो हें कोठेंच लिहिलेलें नसतें. वरच्या शेतकऱ्यानें रान राखलें, चर खोदले, आणि खालच्यानें एकट्यानें ऊंस लावून सर्व पाणी उपसलें, तर दुसऱ्या वर्षीं वरचा माणूस श्रमदानास कां यावा? बांध मातीनें फुटण्यापूर्वीं असा अविश्वासानें फुटतो.

ही वांटणी पाण्यापुरतीच राहिली नाहीं. १९८० सालीं देवळांत धान्यकोठी सुरू झाली. ज्याचें पिकलें त्यानें घालावें, ज्यास टंचाई त्यानें उसनें न्यावें व पीक आल्यावर कांहीं वाढीनें परत करावें. गांवांतील दलित कुटुंबांस कर्ज फेडणें अशक्य झालें, तेव्हां इतर गांवकऱ्यांनीं त्यांचीं शेतें श्रमदानानें कसून तें फेडलें. परीक्षेंत नापास झालेल्या मुलांसही गांवच्या शाळेनें जवळ केलें.

अण्णांस १९९० सालीं पद्मश्री व १९९२ सालीं पद्मभूषण मिळालें. माहितीच्या अधिकारासाठीं २००३ सालीं मुंबईस व लोकपालासाठीं २०११ सालीं दिल्लीस त्यांनीं केलेलीं उपोषणें सर्वांस ठाऊक आहेत. त्या राजकारणाविषयीं मतभेद असोत. बांधावरच्या कामाविषयीं असण्याचें कारण नाहीं.

तेव्हां बंधूंनो, वळवाचा पाऊस येण्यापूर्वीं आपल्या गांवचा पाझर तलाव पाहून यावा. गळती असेल तेथें कुदळ घेऊन जावें. चैत्रांत विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेंत मांडावी, आणि किती क्षेत्रावर कोणतें पीक घ्यावें हें त्या आंकड्यांवरून ठरवावें. ज्याची विहीर सर्वांत खोल, त्यानें पहिल्यानें आपला ऊंस कमी करावा. निवृत्त सैनिकानें आपली पुंजी दिली; आपल्याकडून एका हंगामाचा लोभ सुटला, तरी त्याचा सत्कार झाला असें समजावें.